एका हवाई सेनानीची मुलकी कारकीर्द

२०२५ च्या मे महिन्यात, ‘ऑपरेशन सिंदूर’च्या त्या धामधुमीच्या दिवसांत, पाकिस्तानातील ज्या लष्करी विमानतळांची नावे आपल्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर ठळक टाइपात झळकली, त्यांत रावळपिंडीजवळच्या ‘नूर खान’ तळाचे नाव अग्रभागी होते. दूरचित्रवाणीवरच्या निवेदकांनी ते दिवसातून शंभरदा उच्चारले, चहाच्या टपरीवर त्याची नकाशासकट चर्चा झाली. परंतु ज्या माणसाच्या नावाने तो तळ ओळखला जातो तो कोण, कोठला आणि त्याने आयुष्यात केले तरी काय, असा प्रश्न त्या गदारोळात कोणी कोणाला विचारल्याचे प्रस्तुत लेखकाच्या ऐकिवात नाही. युद्धाच्या ऐन गर्दीत असली चौकशी कोणी करावी अशी अपेक्षाही नाही. तथापि धूळ खाली बसल्यावर ती करण्यास हरकत नसावी; कारण या गृहस्थांच्या कारकिर्दीत आपल्या येथील एका जुन्या आणि लाडक्या समजुतीचा निकाल लावणारा पुरावा आहे, आणि त्या कारकिर्दीचा एक धागा तर थेट आपल्या नागपुरापर्यंत येऊन पोहोचतो.

ती समजूत अशी की, एखादे महामंडळ बुडू लागले, एखादे खाते बेशिस्तीने पोखरले गेले, की तेथे एक लष्करी अधिकारी आणून बसवावा म्हणजे सारे सुतासारखे सरळ होईल. २०१७ साली एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत माणसे मेली, तेव्हा नव्या पादचारी पुलाचे काम लष्कराच्या अभियंत्यांकडे सोपविण्यात आले आणि त्यांनी ते काही महिन्यांत पुरेही केले. त्या वेळी लोकलच्या डब्यात जी वाक्ये ऐकू येत होती, त्यांचे तात्पर्य एवढेच होते की, पूल कशाला, सगळी मुंबईच त्यांच्या हवाली करा! आता, पूल बांधणे ही एक गोष्ट आहे आणि तो पूल वर्षानुवर्षे वापरणारे, झाडणारे, दुरुस्त करणारे खाते चालविणे ही निराळी गोष्ट आहे. पहिल्या कामास हुकूम पुरतो; दुसऱ्या कामास काय लागते, ते नूर खान यांच्या चरित्रावरून पाहण्यासारखे आहे.

मलिक नूर खान यांचा जन्म १९२३ सालचा, अटक जिल्ह्यातील तम्मन गावचा. अखंड हिंदुस्थानच्या सैन्यासाठी अधिकारी घडविणाऱ्या डेहराडूनच्या लष्करी विद्यालयात ते शिकले आणि १९४१ साली हिंदी हवाई दलात रुजू झाले. म्हणजे ज्या दलाशी पुढे त्यांना लढावयाचे होते, त्याच दलाच्या हजेरीपटावर त्यांचे पहिले नाव लागले होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानच्या हवाई दलात गेले. १९६५ च्या जुलैत, युद्धाला जेमतेम सहा आठवडे उरले असताना, ते त्या दलाचे सेनापती झाले. ६ सप्टेंबरच्या संध्याकाळी पठाणकोटच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या आपल्या विमानांचा जो विध्वंस झाला, तो त्यांच्याच अमलाखाली. त्यांच्याविषयी गोडवा बाळगण्याचे आपणांस काही कारण नाही, हे प्रथमच नमूद करून ठेवलेले बरे. मात्र एवढेही नमूद केले पाहिजे की, काश्मीरमध्ये घुसखोर पाठविण्याची मसलत भूदलाने हवाई दलाच्या प्रमुखास पुरती कळूही न देता केली होती, आणि ते युद्ध चुकीचे होते व त्यासंबंधी राष्ट्राची दिशाभूल करण्यात आली, असे पुढे आपल्याच देशात उघडपणे बोलून दाखविणारे जे थोडे सेनानी निघाले, त्यांत या गृहस्थांचा आवाज मोठा होता. विजयदिन साजरा करणाऱ्या देशात तो विजय नव्हता असे म्हणण्यास जे धैर्य लागते, ते विमानात बसून लागणाऱ्या धैर्यापेक्षा वेगळ्या जातीचे असते.

त्यांच्या मुलकी आयुष्याकडे वळावे. ते युद्धानंतर सुरू झाले असे म्हणणे सर्वस्वी बरोबर नाही. कारण १९५९ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, हवाई दलाने त्यांना पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सकडे, म्हणजे पीआयएकडे, व्यवस्थापकीय संचालक म्हणून उसने दिले होते. पुढल्या सहा वर्षांत त्या लहानशा सरकारी कंपनीने जे केले ते खरोखरच विस्मयकारक आहे. १९६० च्या मार्चमध्ये तिने अमेरिकेच्या पॅन ॲमकडून भाड्याने घेतलेले बोइंग ७०७ लंडन मार्गावर घातले आणि आशियातील पहिली जेट कंपनी म्हणून डौल मिरवला; एअर इंडियाने त्याच वर्षी स्वतःच्या मालकीची तीच विमाने आणली, तेव्हा ही चढाओढ किती अटीतटीची होती ते कळून येईल. १९६२ साली तिच्या एका बोइंगने लंडन ते कराची हे अंतर ६ तास ४३ मिनिटांत कापून विक्रम केला. १९६४ च्या एप्रिलमध्ये तिचे विमान चीनमध्ये उतरले, आणि साम्यवादी जगाबाहेरील कोणत्याही विमान कंपनीस तोवर ते साधलेले नव्हते.

या यशाचे श्रेय लष्करी शिस्तीस देण्याचा मोह साहजिक आहे, आणि पाकिस्तानातील लेखकांनी तो आवरलेला दिसत नाही. परंतु १९७३ साली भुट्टो यांनी त्यांना पुन्हा त्याच कंपनीच्या प्रमुखपदी बोलाविले, याचा अर्थ काय होतो? मधल्या आठ वर्षांत घडी विस्कटली होती असाच ना? दुसऱ्या खेपेसही त्यांनी ती नीट बसविली; मोठ्या अंगाची विमाने आणली, माल्टाची विमान कंपनी उभी करून देण्यात पीआयएने भागीदारी केली. आणि ते गेल्यावर, काही वर्षे पुण्याईवर चालून, ती कंपनी पुन्हा उतरणीस लागली, ती इतकी की, वैमानिकांच्या परवान्यांतील लबाड्या उघडकीस आल्यावर २०२० साली युरोपने आपले आकाश तिला बंद केले आणि शेवटी सरकारवर तिला विक्रीस काढण्याची पाळी आली. मालक शेतावर उभा असेपर्यंत नांगर सरळ चालतो, हे काही शेताचे गुणवर्णन नव्हे. हुकुमावर उभारलेली व्यवस्था हुकूम देणाऱ्याबरोबर सेवानिवृत्त होते, अशी माझी समजूत या कंपनीच्या इतिहासाने अधिकच दृढ केली आहे.

याच संदर्भात एक आठवण आपल्याकडचीही काढली पाहिजे. १९७१ च्या युद्धात आपल्या हवाई दलाचे नेतृत्व करणारे एअर चीफ मार्शल प्रतापचंद्र लाल हे निवृत्तीनंतर इंडियन एअरलाइन्सचे अध्यक्ष झाले. आणि १९७८ च्या आरंभी, वांद्र्याच्या समुद्रात ‘सम्राट अशोक’ हे जम्बो कोसळून २१३ माणसे दगावल्याला जेमतेम महिना झाला असता, मोरारजीभाईंच्या सरकारने जे. आर. डी. टाटा यांना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केले, तेव्हा त्या खुर्चीवर नेमणूक झाली ती याच लाल यांची. लाल हे कर्तबगार आणि सज्जन होते, याविषयी दुमत नाही. पण टाटांनी ती कंपनी पोराप्रमाणे वाढविली होती, आणि दिल्लीच्या एका फर्मानाने सेनापती बदलावा तसा तिचा पालक बदलता येतो, हा जो विचार त्या नेमणुकीमागे होता, त्यात व्यक्तीचा नव्हे तर विचाराचाच दोष होता. नरिमन पॉइंटच्या त्या उंच इमारतीतील वातावरण त्यानंतर पूर्ववत झाले नाही, असे त्या काळचे मुंबईकर सांगत असत.

नूर खान यांच्या आयुष्यात निखळ हुकुमाचा काळ आला तो १९६९ साली. अयूब खान पायउतार झाले, याह्या खान यांनी लष्करी कायदा पुकारला आणि आपल्या हवाई सेनापतीस उपप्रशासक करून शिक्षण, मजूर व आरोग्य ही खाती त्यांच्या हाती दिली. विधिमंडळ नाही, विरोधी पक्ष नाही, वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप. सुधारकाने याहून अधिक अनुकूल परिस्थिती मागावी ती काय? आणि हे गृहस्थ खरोखरीच सुधारक होते. त्यांच्या शिक्षणविषयक प्रस्तावांत इंग्रजी शाळांतून निघणारा साहेबी वर्ग आणि देशी भाषांतून शिकणारी बहुसंख्य मुले यांच्यातील दरीवर स्पष्ट बोट ठेवले होते, आणि उच्च शिक्षणदेखील पूर्वेकडे बंगालीतून व पश्चिमेकडे उर्दूतून व्हावे असा आग्रह होता. मजुरांसाठी त्यांनी केलेल्या कायद्याने संघटना आणि संप यांचे हक्क पूर्वीपेक्षा मोकळे झाले. त्यानंतर सप्टेंबरात ते पश्चिम पाकिस्तानचे राज्यपाल झाले, आणि फेब्रुवारी १९७० उजाडेपर्यंत पदावरून उतरलेही. पाच महिन्यांचा सुभा! भाषेचा तो प्रस्ताव पातळ होत होत कागदावरच राहिला. बंगाली ज्यांच्यासाठी होती तो मुलूख दोन वर्षांत वेगळा देश झाला. आणि ज्या पश्चिम पाकिस्तान प्रांताचे ते राज्यपाल होते, तो प्रांतच १९७० च्या जुलैत मोडीत निघाला. ज्या गादीवर बसून त्यांनी सर्वाधिक सत्ता भोगली, ती गादीच शिल्लक राहिली नाही.

आपल्या येथे एअर चीफ मार्शल इद्रिस लतीफ १९८२ ते १९८५ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल होते. त्यांच्या हाती सत्ता म्हणावी अशी कोणतीच नव्हती. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने सही करणे, विद्यापीठांच्या पदवीदान समारंभांत भाषण करणे एवढेच. मलबार टेकडीवरच्या त्या घटनात्मक निरुपद्रवीपणाचे महत्त्व आपणांस कळत नाही, कारण आपण त्याचा अभाव कधी फारसा भोगलेला नाही.

आता हॉकी. पाकिस्तान हॉकी संघटनेचे अध्यक्षपद नूर खान यांच्याकडे प्रथम १९६७ साली आणि पुन्हा १९७६ साली आले, आणि दोन्ही खेपांस त्यांनी पदकांपेक्षा स्पर्धांचा अधिक विचार केला, हे माझ्या मते त्यांच्या बुद्धीचे खरे लक्षण होय. मेक्सिकोचे सुवर्णपदक १९६८ साली मिळाले, हे ठीकच. पण हॉकीची विश्वचषक स्पर्धा असावी ही सूचना पाकिस्तानने पुढे केली आणि आंतरराष्ट्रीय संघटनेच्या गळी उतरविली, ती त्यांच्या पुढाकाराने, आणि १९७८ साली लाहोरला सुरू झालेली चॅम्पियन्स ट्रॉफी ही तर त्यांचीच कल्पना. असल्या गोष्टी हुकुमाने होत नाहीत. हॉलंडचा, जर्मनीचा, ऑस्ट्रेलियाचा प्रतिनिधी पाकिस्तानी सेनापतीस सलाम ठोकण्यास बांधलेला नसतो. त्यास पटवावे लागते, त्याच्या अडचणी ऐकाव्या लागतात, खर्चाचा भार कोणी उचलावा याचा हिशेब मांडावा लागतो. १९८२ च्या जानेवारीत मुंबईत पाकिस्तानने पश्चिम जर्मनीला हरवून तो विश्वचषक उचलला, तेव्हा यजमान आपण पाचव्या क्रमांकावर होतो, हे आठवले की आजही जरा अवघडल्यासारखे होते. आणि त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सात विरुद्ध एक असा जो पराभव झाला, त्याचा तर उल्लेखही पुरे.

क्रिकेटचे मंडळ त्यांच्याकडे १९८० साली आले, आणि तेथे त्यांच्यापुढे जो प्रसंग उभा राहिला तो लष्करी मनुष्याची परीक्षा पाहणाराच होता. १९८२ च्या मार्चमध्ये श्रीलंकेचा संघ दौऱ्यावर आला असता दहा नामांकित खेळाडूंनी जावेद मियांदाद यांच्या हाताखाली खेळण्यास साफ नकार दिला. छावणीत याला बंड म्हणतात, आणि बंडासाठी लष्करी संहितेत एकच प्रकरण असते. नूर खान यांनी आरंभी केलेही तसेच: कराचीच्या पहिल्या कसोटीत नवखी पोरे उतरविली, आणि त्यांतल्या सलीम मलिकने पदार्पणातच शतक ठोकून मंडळाची लाज राखली. पण विजयाच्या त्या क्षणी, जेव्हा बंडखोरांस बडतर्फ करून मोकळे होता आले असते, तेव्हा त्यांनी वाटाघाटीचे दार उघडे ठेवले. इंग्लंडच्या पुढल्या दौऱ्यावर आपण नेतृत्व करणार नाही, असे मियांदाद यांनी जाहीर केले, बंडखोर लाहोरच्या तिसऱ्या कसोटीस परतले, त्या एका सामन्यात इम्रान खान यांनी चौदा बळी घेतले आणि थोड्याच दिवसांनी कर्णधारपद त्यांच्याकडे गेले. मियांदाद त्यांच्याच हाताखाली पुढे कितीतरी वर्षे खेळले. कोणाचीही पूर्ण जीत नाही, कोणाची पूर्ण हार नाही, आणि संघ मात्र शाबूत: हा तोडगा रणांगणावर शिकता येत नाही. पहिल्या दिवशी कडक होणे आणि आठव्या दिवशी ऐकून घेणे, या दोहोंतला क्रम ज्यास साधला, त्यास मी प्रशासक म्हणतो.

आणि मग २५ जून १९८३. लॉर्ड्सवर कपिल देवच्या संघाने विश्वचषक जिंकला, ती हकिकत मराठी वाचकास सांगणे म्हणजे पंढरपुरात विठोबाचा पत्ता सांगण्यासारखे होय. तिच्या मागची हकिकत मात्र थोड्यांस ठाऊक आहे. भारतीय नियामक मंडळाचे अध्यक्ष त्या वेळी नागपूरचे नरेंद्रकुमार साळवे होते: पेशाने हिशेबनीस, वृत्तीने काँग्रेसचे खासदार, बोलण्यात मिश्कील. अंतिम सामन्याची दोन जादा तिकिटे त्यांनी यजमानांकडे मागितली आणि ती त्यांना नाकारण्यात आली, असे ते स्वतः सांगत. अंतिम फेरीत ज्याचा संघ खेळतो आहे त्या मंडळाच्या अध्यक्षास दोन तिकिटे नाहीत! वऱ्हाड-नागपुराकडच्या माणसाला पाहुणचारातला हात आखडलेला फार लागतो. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर त्यांच्या शेजारी होते नूर खान. साळवे यांनी सल बोलून दाखविली, पुढची स्पर्धा आपल्याकडेच झाली असती तर किती बरे झाले असते असे म्हटले, आणि नूर खान यांनी, ती का होऊ नये, असा उलटा प्रश्न केला. त्या प्रश्नातून पुढले सारे निघाले.

हे दोघे कोण होते याचा क्षणभर विचार करावा. एकाने अठरा वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या देशावर बॉम्ब टाकण्याचे हुकूम सोडलेले. दोन्ही देशांत १९६१ पासून १९७८ पर्यंत कसोटी सामनादेखील होऊ शकलेला नव्हता. साळवे यांच्यावर नूर खान यांची कसलीही हुकमत नाही, नूर खान यांच्यावर साळवे यांची नाही, आणि ज्या लंडनच्या परिषदेपुढे जावयाचे तिच्यावर तर दोघांचीही नाही. तेथे इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांचा शब्द अखेरचा, आणि आधीच्या तिन्ही स्पर्धा इंग्लंडातच भरलेल्या. म्हणजे हाती राहिली ती केवळ मसलत. त्याच वर्षी दिल्लीत आशियाई क्रिकेट परिषदेची स्थापना झाली, साळवे तिचे पहिले अध्यक्ष झाले. मग आक्षेपांची रांग लागली. उपखंडात ऑक्टोबरचा दिवस लहान, साठ षटकांचे सामने उजेडात बसावयाचे कसे? तर षटके पन्नास करू. लहान सभासद देशांचे काय? तर त्यांना इंग्लंड देई त्याहून अधिक रकमेची हमी देऊ. अखेरीस १९८४ साली प्रश्न मतास पडला आणि स्पर्धा इंग्लंडबाहेर गेली. ती जी गेली ती पुन्हा एकाच यजमानाच्या दारी खिळून राहिली नाही. आणि पन्नास षटकांची ती तडजोड आज जगभर नियम होऊन बसली आहे. पाच महिन्यांच्या सुभ्यात लष्करी कायद्याच्या जोरावर जे टिकविता आले नाही, त्याहून कितीतरी टिकाऊ काम या सेनानीच्या हातून एका जेवणाच्या टेबलावर सुरू झाले, आणि तेही एका नागपुरी हिशेबनिसाच्या संगतीने.

यावर कोणी म्हणेल, आणि म्हणणे गैर होणार नाही, की मसलतीस वजन येते तेही माणसामागे हुकूम चालविल्याचा लौकिक असतो म्हणूनच. १९७८ च्या जानेवारीत कराचीच्या विमानतळावर एका माथेफिरूने पीआयएचे लहान विमान प्रवाशांसकट ताब्यात घेतले, तेव्हा चौपन्न वर्षांचे हे अध्यक्ष स्वतः विमानात चढले, त्या इसमाशी बोलता बोलता त्याच्यावर झेपावले आणि झटापटीत गोळी लागून जखमी झाले. अशा माणसाचा शब्द बैठकीत जड पडणारच. हे मला मान्य आहे. फक्त एवढे लक्षात आणून द्यावेसे वाटते की, त्या प्रसंगीसुद्धा ते आधी बोलावयास गेले होते.

यास्तव पुढल्या वेळी एखाद्या डबघाईस आलेल्या महामंडळावर निवृत्त सेनानी नेमण्याची टूम निघेल, तेव्हा सरकारने त्या गृहस्थांची पदके आणि लढाया यांची यादी अवश्य मागवावी. पण तिच्यासोबत, त्यांनी कधी बरोबरीच्या, न ऐकणाऱ्या, उलट बोलणाऱ्या माणसांबरोबर काम केले आहे काय, आणि त्यातून काय निष्पन्न झाले, याचाही तपास करावा. सेवापुस्तिकेत यासाठी रकाना नसतो. तो घालून घेण्यास वित्त खात्याची मंजुरी लागू नये.

१९८७ च्या शरदात ती स्पर्धा भरली, दोन देशांतील एकवीस मैदानांवर. नूर खान तोपर्यंत क्रिकेट मंडळावरून उतरून तीन वर्षे झाली होती. दोन्ही यजमान उपांत्य फेरीत हरले, पाकिस्तान लाहोरला आणि आपण दुसऱ्याच दिवशी वानखेडेवर, ग्रॅहॅम गूचने झाडू मारावा तसे स्वीपचे फटके मारले त्या दुपारी. आणि ईडन गार्डन्सवर जमलेल्या अफाट समुदायाने ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांचा अंतिम सामना मोठ्या मनाने पाहिला. पण त्याआधी, ३१ ऑक्टोबरला, साळवे यांच्या नागपुरात भारत आणि न्यूझीलंड यांची गाठ पडली होती. चेतन शर्माने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन त्रिफळे उडविले, आणि अंगात ताप असताना सुनील गावसकरांनी एकदिवसीय सामन्यातले आपले पहिले आणि अखेरचे शतक तेथे पुरे केले. विदर्भाच्या त्या मैदानावर संत्र्यांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या हजारोंपैकी तम्मनच्या नूर खानांचे नाव कोणास ठाऊक होते की नाही, देव जाणे.